खिडकीजवळचा तिसरा बाक

"हाच बाक," मोजणीदार म्हणाले आणि खिडकीशी जाऊन बसलेसुद्धा. गुडघे फळीला टेकले. सोळाव्या वर्षी टेकत नव्हते.

भूमितीच्या बाई हातात खडू घेऊन दारात थांबल्या. शाळा सोमवारी पाडायची होती. तोवर जुन्या विद्यार्थ्यांनी आठवण म्हणून एकेक वस्तू न्यावी, असं महापालिकेने कळवलं होतं. ज्याने जे मागितलं त्यावर खूण करायचं काम बाईंकडे आलं होतं. निरोपाच्या समारंभासाठी शाळेचा इतिहास लिहायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं, कारण इथेच शिकून इथेच शिकवून निवृत्त झालेल्या त्या एकट्याच. इतिहास तसा सरळ होता. शहरात कारखाने आले, वर्गांत पोरं मावेनात, म्हणून एकाच इमारतीत सकाळी मुलींची आणि दुपारी मुलांची शाळा भरू लागली. पुढे कारखाने गेले, त्यांच्यामागून पोरंही गेली. शेवटी शेवटी तर मास्तर जास्त आणि पोरं कमी अशी गत झाली.

मोजणीदारांनी फळीवरच्या दौतीच्या भोकात बोट घातलं.

"यात अर्धी पेन्सिल असायची, बाई. टोक केलेली. मी भूमितीत ढ. दुपारी अडलेलं गणित या फळीवर लिहून जायचो. दुसऱ्या दिवशी ते सोडवलेलं असायचं. नुसतं उत्तर नाही, एकेक पायरी. त्या जोरावर पास झालो, मोजणी खात्यात चिकटलो. आणि जिने गणितं सोडवली तिच्याशीच लग्न केलं."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. मैत्रीणच होती ती त्यांची. सकाळच्या शाळेत दोघी याच बाकावर शेजारी शेजारी बसायच्या.

"लग्नानंतर मात्र हिला पडद्याचं कापडसुद्धा कधी सरळ कापता आलं नाही. म्हणायची, सगळी भूमिती तुम्हाला देऊन टाकली, मला कुठली उरायला?" ते हसले. मग ते हसू विरून गेलं. "गेल्या महिन्यात, जायच्या आदल्या दिवशी, माझा हात धरून म्हणाली, ती गणितं माझी नव्हती हो. पुढे काही विचारीन तोवर शुद्ध हरपली. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. बाक न्यायचा हे निमित्त. खरं तर तुम्हाला विचारायला आलोय. तुम्ही तिच्या शेजारी बसायचात. एवढा संसार मी भलत्याच माणसाबरोबर केला का?"

बाईंनी बोटांना लागलेला खडू रुमालाला पुसला. हा प्रश्न कधीतरी येईल असं त्यांना तरुणपणी वाटायचं. पुढे वाटायचं थांबलं होतं.

"तिनेच सोडवली," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत. आजारात माणूस काहीही बरळतं. मनाला लावून घेऊ नका."

मोजणीदारांनी फळीवर डोकं टेकलं आणि ते रडले. महिनाभर अडकून राहिलेलं रडू होतं ते. बाईंना पाहवेना. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"जीव भांड्यात पडला," जरा वेळाने ते म्हणाले. "परीक्षा तोंडावर आली तेव्हा एकदा धीर करून मी इथे लिहिलं होतं, 'तू कोण?' दुसऱ्या दिवशी बघतो तर पुसलेलं. उत्तर नाहीच. मग फाटकाशी जाऊन उभा राहिलो. मुली सुटल्यावर विचारलं, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर कोण बसतं? ही पुढे होती. बेधडक म्हणाली, 'मी.' तिच्या मागे आणखी एक मुलगी होती. मान खाली घालून उभी. कोण ते काही आठवत नाही."

"असेल कुणीतरी," बाई म्हणाल्या.

त्यांनी बाकावर खडूने फुली मारली. हमालांनी बाक उचलला. जिन्याच्या वळणावर तो अडला, तेव्हा मोजणीदारांनीच सांगितलं, जरा तिरका धरा, निघेल. तसा तो निघाला.

वर्गात बाई एकट्या उरल्या. खिडकीशी फरशीवर बाकाच्या पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. त्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या. खाली हातगाडी फाटकाबाहेर पडली. मोजणीदार एक हात बाकावर ठेवून तिच्याबरोबर चालले होते. गाडी वळणाआड जाईपर्यंत बाई बघत होत्या.

मग त्या खुणांकडे वळल्या.

"मी," त्या म्हणाल्या.