हरवलेली अर्धी वेल

फ्राउ हॉल्त्सलेंनी जुना अभ्रा नव्या छापलेल्या कापडाशेजारी पसरला आणि देवश्री टेबलाजवळ सरकली.

जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या या छोट्या कारखान्यात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची फुलांची छापील कापडं पुन्हा छापत. देवश्रीला नोकरीआधीची चाचणी म्हणून एक पडदा मिळाला होता. त्यातली अर्धी नक्षी कसरीने खाल्लेली. उरलेल्या वेलीवरून तिने हरवलेली अर्धी अंदाजाने काढली. काल कापड छापून झालं, आणि आज सकाळी कुणी बाई त्याच कापडाचा अख्खा अभ्रा घेऊन दारात उभी!

फ्राउ हॉल्त्सलेंनी भिंग लावलं. आधी अभ्र्यावर, मग कापडावर. बराच वेळ.

"हे निळं फूल कुठलं?"

"गोकर्ण. आमच्याकडे कुंपणावर येतं." देवश्रीने फुलावर बोट ठेवलं. "फाटलेल्या कडेला निळं टोक दिसत होतं. मला तेच वाटलं."

"मुळात हे अकेलाय आहे. इथल्या रानात फुलतं."

देवश्रीने पाहिलं. खाली झुकलेलं, घंटेसारखं फूल. साफ चुकलं होतं. आठ वर्षं घरी बसल्यावर हातात आलेलं काम गेलं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. तिने पर्स उचलली.

"थांबा. फूल बदलता येईल. पण वेल इथून डावीकडे वळते, हे तुम्हाला कसं कळलं?"

"उजवीकडे एवढं मोठं पान झुकलंय ना? तोल सावरायला वेल डावीकडेच जाणार."

फ्राउ हॉल्त्सलेंनी अभ्र्यावरच्या वेलीवरून बोट फिरवत नेलं. मग तेच बोट देवश्रीच्या कापडावरून. दोन्हीकडे एकच वळण.

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या हळूच म्हणाल्या. भिंग खिशात टाकून दोन्ही कापडांच्या घड्या घालू लागल्या. "सोमवारी येताना स्वतःचा कप घेऊन या. इथे प्रत्येकाचा आपापला असतो."

देवश्री बाहेर आली. रस्त्याच्या कडेला क्षणभर नुसती उभी राहिली. फोन वाजला. नवऱ्याचा, मयुरेशचा.

"काय झालं गं? काय म्हणाल्या?"

"अरे," देवश्रीला हसू आवरेना, "आपल्याकडे कान न तुटलेला एखादा चांगला कप आहे का?"