दहावा आणि अकरावा

चार वाजून पस्तीस मिनिटांनी यज्ञेश्वर धावचीत झाला. कारखान्याच्या संघाचा तो नववा गडी. पोलादपूरला हरवायला अजून चार धावा हव्या होत्या. तारीख २० मार्च १९८३, वार रविवार.

कप्तान दत्तारामने मांडीवर हात आपटला. यज्ञेश्वर दोन तास टिकला होता आणि नको त्या धावेसाठी पळाला होता. पोलादपूरने सलग तीन वर्षे ढाल नेली होती. चार धावांनी ती चौथ्यांदाही जाणार का, एवढेच दत्तारामच्या डोक्यात होते.

फलंदाजीचा क्रम त्याने आदल्या संध्याकाळी लावला होता. त्यात चेंडू-फळीपेक्षा कारखान्याचा विचार जास्त होता. संघातले दोन चांगले फलंदाज महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रहाच्या वर्धापनदिनासाठी स्वयंसेवक म्हणून गेले होते. दत्ताराम स्वतः रविवारी सकाळी बायकोला, मंजुळेला घेऊन तळ्यावर जाऊन आला होता. उरले नऊ. दोघे कमी पडत होते, आणि हाताशी होते फक्त सोमा आणि हैबती. पण रविवारच्या पाळीला तेच दोघे होते. शनिवारी भरलेला रसायनांचा माल रिअ‍ॅक्टरमध्ये शिजत होता, तो मधे थांबवता येत नव्हता. दर दहा मिनिटांनी तापमानाचा काटा बघून थंड पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवावा लागे. काटा लाल रेघेच्या पलीकडे गेला की काय होते, ते दत्तारामने आधीच्या नोकरीत एकदा पाहिले होते. त्याविषयी तो घरातसुद्धा बोलत नसे.

त्याने सोमाला दहावा लिहिला, हैबतीला अकरावा. दोघांपैकी एक जण कायम काट्यासमोर राहील, असा हिशेब होता. रिअ‍ॅक्टरच्या माचीवरून मैदान दिसायचे. आठवा गडी बाद झाला की बांबूवर एक लाल टॉवेल चढवायचा, म्हणजे सोमाने निघायचे. नववा बाद झाला की दुसरा टॉवेल. तोवर सोमा बाद होऊन सायकलवर परत निघालेला असेल, मग हैबतीने यायचे. सोमा आजवर दोन षटके कधी टिकला नव्हता.

पोलादपूरचे खेळाडू दहा मिनिटे थांबायला तयार झाले, पण तोंड बंद ठेवायला नाही.

"काय रे, तुमचा अकरावा सव्याच्या गरम पाण्याच्या कुंडात बसलाय काय?"

मैदानात हशा पिकला. दत्तारामही हसला. गुणलेखक गंगाधर, कारखान्याच्या ऑफिसातला कारकून, याने ठरल्याप्रमाणे दुसरा टॉवेल केव्हाच चढवला होता.

चार बेचाळीसला हैबती शेतातल्या पायवाटेने सायकल दामटत आला. सायकल बांधावर टाकून तो पॅड बांधायला बसला.

"किती हवेत, दत्ताभाऊ?"

"चार. घाई नको करू. सोमा उभा हाय दुसऱ्या टोकाला, तो..."

दत्ताराम बोलता बोलता थांबला. त्याने मैदानाकडे पाहिले. सोमा बॅटीला रेलून उभा होता.

"हैबती, काट्यावर कोण हाय?"

"सोमा." हैबतीने पट्टा आवळला. "दोन टॉवेल दिसले नि निघालो. वाटेत भेटला नाय, म्हटलं सडकेनं गेला असंल."

"सोमा तो बघ."

हैबतीने मान वर केली. त्याचे हात पट्ट्यावरच राहिले.

बाद व्हायचा होता सोमा, बाद झाला यज्ञेश्वर. क्रम लावताना दत्तारामने सोमाचे अपयश गृहीत धरले होते. सोमा त्या दिवशी चांगला खेळत होता.

"मी जाऊ परत?" हैबतीने विचारले.

तो गेला तर डाव तिथेच संपत होता. गंगाधरने वहीतून डोके वर काढले. "अहो, काही झालं असतं तर भोंगा वाजला असता. इथवर ऐकू येतो की. खेळू द्या त्याला."

पंचांनी हाक मारली. दत्तारामने कारखान्याच्या दिशेने पाहिले. चिमणी नेहमीसारखी, आभाळ स्वच्छ.

"तू खेळ," तो म्हणाला. "मी जातो."

पण तो लगेच गेला नाही. सायकलचे हँडल धरून त्याने एक षटक पाहिले. हैबतीने पहिला चेंडू बॅटीवर घेतला. तिसऱ्यावर एक धाव निघाली, शेवटच्यावर सोमाने आणखी एक काढली. दोन बाकी. चार सेहेचाळीसला दत्ताराम सायकलवर बसला.

पायवाटेवर तो जिवाच्या आकांताने पायडल मारत होता. कान कारखान्याकडे होते. भोंगा नाही. अर्ध्या वाटेवर त्याला जरा धीर आला. गंगाधर म्हणतो ते बरोबर. त्याने वेग किंचित कमी केला आणि मनगटाने घाम पुसला. मागे मैदानात मोठी आरोळी उठली. ती कोणाची, ते त्याला कळले नाही.

वळणावर बिरवाडीतल्या कामगारांच्या खोल्यांची कौले दिसू लागली. ती ओळ कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागूनच होती. शेवटची खोली त्याची. तळ्यावर नेसलेले पांढरे लुगडे मंजुळेने धुऊन दोरीवर घातले होते. दारे उघडी होती. एका ओट्यावर कोणीतरी बाई वाकून खोकत होती. मग शेजारच्या ओट्यावरची.

चार वाजून पन्नास मिनिटे झाली होती. भोंगा वाजला नव्हता. त्याची साखळी काट्याशेजारच्या खांबाला होती, आणि ती ओढायचे काम सोमा आणि हैबती यांच्याकडे होते.