नवसाचा मलिदा

जळगावात सिनेगॉग नव्हतं, म्हणून ज्यू मंडळी एझ्राच्या घरी प्रार्थनेला जमत. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि धुळे-पाचोऱ्याचे धरून आता जेमतेम दहाच उरले होते. हाननेल इस्रायलला निघाला, तेव्हा त्याला तोंडावर पळपुटा म्हणणारा एझ्राच. आता त्याचेच तिकडे जायचे कागद मंजूर झाले होते, म्हणून बायकोनं पोह्यांचा मलिदा केला होता.

"नवस कसला फेडलास रे?" धुळ्याच्या शालोमआबांनी विचारलं. एझ्रा खाली मान घालून केळं सोलत राहिला.

"बरं, नको सांगू. काल पोराचा इस्रायलहून पुन्हा ट्रंककॉल आला, 'आबा, या आता.' मी नाहीच म्हटलं. मी गेलो तर तुझ्याकडे नऊच उरतील ना!"