कडेवरचं लेकरू

"आण्णा, हे तुम्हीच ना?"

संग्रहालयात युद्धाच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं होतं. शालन ज्या फोटोपुढं थबकली, तो एकाहत्तरच्या लढाईतला होता. निर्वासितांच्या छावणीत एक जवान उभा होता. खांद्याला बंदूक आणि कडेवर कुणाचं तरी लेकरू. लेकराच्या मुठीत त्याच्या वर्दीचं बटण होतं आणि जवान त्याच्याकडं बघून हसत होता.

म्हाताऱ्यानं चष्मा पुसून पाहिलं. "मीच की. मिश्या बघ कशा आहेत."

शालन हसली नाही. तिची पन्नाशी उलटली होती, तरी वडिलांनी आपल्याला एकदाही उचलून घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. सुट्टीवर आले की ते लांबूनच बघायचे. लोकाचं लेकरू मात्र किती मायेनं धरलं होतं.

"मला नाही कधी घेतलंत," ती हळूच म्हणाली.

"घरात आबा असायचे ना. वडीलधाऱ्यांपुढं आपलं पोर उचलायची लाज वाटायची, रीतच होती तशी." तो फोटोच्या आणखी जवळ गेला. "तिथं कोण होतं बघायला? तूही तेव्हा एवढीच होतीस. त्या पोरीला घेतलं आणि मनात म्हटलं, आपली शालन आता एवढी जड झाली असंल."

शालनला समोरचा फोटो दिसेनासा झाला.

"आता घरात माझ्यापेक्षा मोठं कोण उरलंय," असं म्हणत म्हाताऱ्यानं काठी भिंतीला टेकवली आणि लेकीचं पिकल्या केसांचं डोकं भर गर्दीत छातीशी धरलं.