उजवी कमर

शकूचा डावा गुडघा कुडपणच्या चढावर ठणकायचा. सासू साळूबाईने तर त्यावर सोमवारी तापल्या कोयत्याचा डाग द्यायचं ठरवलं होतं. सुईण ठमाबाई मात्र तिची चाल बघून म्हणाली, "घागर कायम डाव्या कमरेवर गो! डावा पाय बैलावानी राबतोय, उजवा पावण्यावानी बसून खातोय. त्याला जुंप आधी." दुसऱ्याच दिवशी शकूने घागर उजव्या कमरेवर घेतली. पाणवठ्यावर बाया हसल्या, अर्धं पाणी पदरावर सांडलं. "पाणी आणलंस का आंघोळ केलीस?" दारात सासू कडाडली. "परत जाते आत्याबाय," शकू म्हणाली, "पण डाग काय घेणार नाय." तीन खेपा झाल्या. चौथीला निघताना तिने मागे वळून पाहिलं. अंगणात, डाव्या गुडघ्यावर डागाचे तीन जुने वण घेऊन जन्मभर लंगडलेली साळूबाई रिकामी कळशी हळूच उजव्या कमरेवर टेकवून बघत होती.