बाबारावांच्या हातचा चहा

विहारात विशाखाताईंच्या फोटोला हार घालून झाला, तेव्हा कांताबाई मागच्या पडवीत चहाच्या पातेल्यापाशी होती. आमदार ताईंना जाऊन आज वर्ष झालं होतं. ढाणकीहून गाड्या भरून पाहुणे आले होते.

"ताईंनी बायांना बोलायला शिकवलं," माइकवरून भीमराज सांगत होता. तो कार्यक्रमाचा अध्यक्ष. त्याच्या आधीचे वक्तेही हेच सांगून गेले होते, आणि सगळे पुरुषच होते.

भाषण संपवून तो खाली उतरला तशी कांताबाई पदराला हात पुसत दारात गेली.

"भीमराज, मले बी दोन शब्द बोलाचे होते."

"बोलजा ना काकू. पण पाहुणे घाईत हायेत. आधी चायचं पाहा."

ती परत पातेल्यापाशी येऊन बसली. शेजारी धाकटी बहीण दीपा कप विसळत होती. तिच्याकडे कांताबाईला बघवेना.

ताई कुणाच्याही घरी गेल्या की चहा पुरुषानं करायचा, हा त्यांचा दंडक. लोक माघारी हसायचे, पण तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती. कांताबाईकडे आल्या तेव्हा त्यांनी तिच्या नवऱ्याला, बाबारावांनाच चुलीकडे पिटाळलं आणि मधलं दार ओढून घेतलं. दीपा बाबारावांच्या सख्ख्या चुलतभावाला दिलेली. तिच्या अंगावरच्या वळांचा विषय बाबारावांसमोर काढायची कांताबाईची हिंमत नव्हती. त्या दिवशी दाराआड तिनं सगळं सांगितलं, आणि सांजेला ताईंची जीप दीपाला घेऊनच परत आली. ती खडखडणारी जीप, ताईंचं ते मोकळं हसणं. आठवलं की कांताबाईला अजून भरून येतं.

"उठ," बाबाराव म्हणाले. ते कधी आत आले तिला कळलंच नाही. इस्त्रीचा पांढरा सदरा सावरत ते खाली बसले आणि तिच्या हातून सांडशी घेतली. "मी करतो चाय. तू जाय."

"तुमाले येते का?"

"तवा तरी कुठी येत होती?"

कांताबाई सरळ माइकपाशी जाऊन उभी राहिली. भीमराजनं घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, आणि बाजूला सरकला. तिची नजर दाराकडे गेली. ओल्या हातांनी दीपा दारात येऊन उभी होती.

तेवढ्यात पडवीतून पातेलं आदळल्याचा आवाज आला. पाठोपाठ उतू जाऊन करपलेल्या दुधाचा वास विहारभर पसरला. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

कांताबाईही हसली. मग तिनं ताईंच्या फोटोकडे पाहिलं.

"त्या दिवशी बी दूध असंच उतू गेलतं," ती म्हणाली. "चायले वेळ लागला, म्हणून तं माहं सारं सांगून झालतं."