चौथी जोडी

"हाही फुसफुसतोय," पोकुवा म्हणाली आणि तिसऱ्या जोडीवरून तिने कान उचलला.

बादूने कपाळाला हात लावला. कुमासी शहरातल्या अडुम बाजारात त्याचं स्पीकरचं दुकान होतं, पण असं गिऱ्हाईक त्याने आजवर पाहिलं नव्हतं. ही बाई गाणं लावू द्यायची नाही. नुसती वायर जोडायला सांगायची, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवायची, आणि स्पीकरपासून वीतभर अंतरावर कान नेऊन, डोळे मिटून बसायची.

"मावशी, सूप न घालता नुसता फुफूचा गोळा चाखून बघताय तुम्ही," तो म्हणाला. "गाणं लावा की! मयताच्या कार्याला लोक माझ्याकडून माणसाएवढे खोके नेतात. चार गल्ल्या सोडून रडू ऐकू जातं. त्यात फुसफुस कोण ऐकतंय?"

"मला गल्ली हलवायची नाही रे बाबा. टेबलावर ठेवायचेत, हातभर अंतरावर. इतक्या जवळून ऐकायचं तर मोठा आवाज लागतच नाही. गाणं नसताना जो गप्प बसतो, तोच स्पीकर चांगला."

शाळेतल्या पोरांना समजावून सांगावं तसं तिने सांगितलं.  

अकरा वर्षं ती एका छोट्या रेडिओ केंद्रासाठी मुलांचे धडे तयार करत होती. गावोगावच्या शाळांत मुलांची वाचनं ध्वनिमुद्रित करायची, घरी आणायची, खोकला-खरखर काढून स्वच्छ करायची. घरात दुसरं कुणी नव्हतं. टेबलापाशी बसलं की दोन स्पीकरमधून तीस-चाळीस पोरं खोलीभर व्हायची. दोन महिन्यांपासून त्या आवाजांमागे एक बारीक फुसफुस येऊ लागली होती. ती काढायची. दुसऱ्या दिवशी फुसफुस जास्तच यायची. मग ती आणखी काढायची.

गुरुवारी केंद्रप्रमुख अँट्वीसाहेबांनी तिला बोलावून घेतलं होतं.

"पोकुवा, पोरं शाळेला 'सुकू' म्हणतायत आणि रेडिओवर ऐकू येतंय 'उकू'. घासून घासून तू आवाजातला 'स'च पुसून टाकलास! शिक्षकांचे फोन येतायत. झालंय काय तुला?"

"स्पीकर, साहेब. जुने झालेत. फार फुसफुसतात."

"मग बदल ना. सोमवारी पुन्हा असंच आलं तर धडे तुझ्याऐवजी फ्रेमा करेल. तिला नुसतं बोलवायचा अवकाश आहे."

केंद्रातला हेडफोनही फुसफुसायचा. तोही जुनाच होता, असं पोकुवाने स्वतःला सांगितलं होतं. एकदा नाही, रोज.

"हे घ्या," बादूने चौथी जोडी समोर ठेवली. लहानशी, काळी, पावाच्या लादीएवढी. "याहून गप्प स्पीकर अख्ख्या कुमासीत नाही. एक पाद्री घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. म्हणे, हे बंद पडलेत. मी म्हटलं, फादर, आधी काहीतरी लावा तरी!"

पोकुवा हसली नाही. तीन जोड्या झाल्या होत्या, तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, कोऱ्या करकरीत. तिन्ही एकदम वाईट कशा निघतील? हा प्रश्न मघापासून तिच्या मागे लागला होता आणि ती त्याला जवळ येऊ देत नव्हती. बाजारातली वीजच खराब असेल. नाहीतर शेजारचा गोंगाट.

"तो सारपाँगचा धिंगाणा आधी थांबव," ती म्हणाली. पलीकडे त्याच्या दुकानात ढोल आणि तुताऱ्या नुसत्या कोसळत होत्या. "त्यात काय डोंबल कळणार?"

"थांबवतो. पण तो माझा बाप लागत नाही, ऐकेलच असं नाही." वायर जोडून, बटण फिरवून बादू बाहेर पडला.

पोकुवाने डोळे मिटले.  एवढी एक जोडी चांगली निघू दे. फक्त एवढी एक. सोमवारी पोरांचा 'स' जागेवर बसवून देईन.

पलीकडचे ढोल मध्येच तुटले. मग त्याच्या पलीकडचं दुकान गप्प झालं. मग समोरचं. बादूच्या शब्दाला एवढं वजन असेल असं तिला वाटलं नव्हतं. बघता बघता सगळी गल्ली निवली. कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. गार पाणी विकणाऱ्या बाईच्या सपातांचा आवाज जवळ आला आणि लांब गेला. अशी शांतता दोन महिन्यांत तिला मिळाली नव्हती.

ती स्पीकरकडे झुकली. आणखी झुकली. कान जाळीला टेकला.

दारात पावलं वाजली. बादू आत आला होता.

"हाही," ती कशीबशी म्हणाली. "हाच सगळ्यांत जास्त. केवढा स्पष्ट येतोय बघ. दुसरा दाखव रे. महाग असला तरी चालेल, पण दुसरा दाखव."

 बादू अगदी हळू, चेष्टेचा मागमूस नसलेल्या आवाजात म्हणाला, "मावशी, सारपाँगने काही बंद केलेलं नाही. लाइट गेलीय. सगळ्या बाजाराची."

पोकुवाने डोळे उघडले नाहीत.